'सॅल्वेज'ला 'तारण' म्हटलं तर चालेल का?

ऐरोलीकर
मंडळी, एक अडलंय. फुटलेल्या जहाजांवर बेटांवरच्या लोकांनी कसं पोट भरलं, यावरचा एक लेख मराठीत करतोय. 'रेक' (फुटलेलं किंवा किनाऱ्याला लागलेलं जहाज आणि त्याचा माल), 'सॅल्वेज' (संकटातलं जहाज किंवा माल वाचवणं) आणि 'रेकर' हे तीन शब्द त्यात पानोपानी आहेत. 'रेक' तसाच ठेवला तर ठाण्याच्या माणसाला पंधरा डब्यांची लोकल आठवणार. 'सॅल्वेज'ला मी 'तारण' लिहिलं, तर मुद्रितशोधन करणाऱ्या बाईंनी समासात विचारलं, "जहाज कुणाकडे गहाण पडलं होतं?" त्यांचं तरी काय चुकलं? स्टेशनकडे जाताना 'सोनेतारण कर्ज'च्या पाट्या रोज डोळ्यांत भरतात.

'रेकर' तर आणखी नाठाळ. इंग्लंडजवळच्या सिली बेटांवर तो म्हणजे किनाऱ्याला लागलेला माल उचलणारा, जवळपास लुटारू. फ्लोरिडातल्या की वेस्टला तोच शब्द परवाना घेतलेल्या धंदेवाल्याला. जहाज प्रवाळाच्या खडकावर चढलं की ज्याची नौका आधी पोचेल तो त्या कामाचा म्होरक्या. माल उतरवून बंदरात आणायचा आणि हिस्सा किती, ते न्यायाधीश सांगणार. १८२८ मध्ये तिथे न्यायालय बसवलं, त्याचं मुख्य काम हेच दावे. गैरप्रकार केला तर परवाना जायचा. या दोघांना एकच शब्द कसा लावू?

चेंदणीकर
'तारण' सोडू नका. तरणे, तारणे, तारू, तरांडे, इतकंच काय आपला 'उतारू'सुद्धा, सगळे एकाच 'तॄ' धातूचे. पार जाणं, पार नेणं. कर्ज बुडू नये म्हणून जे ठेवायचं ते तारण. म्हणजे बँकेनेच हा शब्द पाण्यातून उचललाय, आपण परत पाण्यात सोडतोय.

नेरुळचा वकील
चेंदणीकर काकांना दुजोरा देतो, आणि बाईंच्या शंकेलाही. सॅल्वेजचा जुना करार एका वाक्याचा: माल वाचला तर मोबदला, नाही वाचला तर काही नाही. वाचला, तर मोबदला चुकता होईपर्यंत वाचवणाऱ्याचा हक्क त्या जहाजावरच चढतो. आपल्या २०१७ च्या नौअधिकार कायद्यातही सॅल्वेजच्या दाव्याला जहाजावर असा हक्क आहे. थोडक्यात, जहाज तारलं की ते तारण पडतंच. बाईंना हे जरूर कळवा.

दिवाळ्याची कोळीण
दादा, 'फुटलेलं जहाज' सगळीकडे लिहू नका. बुडालं, फुटलं आणि लागलं ही तीन वेगळी. बुडालं ते तळाला गेलं. फुटलं त्याच्या फळ्या आणि माल वर येतो. लागलं ते अख्खं असतं, नुसतं वाळूत रुतलेलं. २०११ ला जुहूला 'पवित' लागलं होतं, फुटलं नव्हतं. बघायला ही गर्दी!

आणि वाहून आलेलं सगळं काही दर्याचं देणं नसतं. २०१० च्या ऑगस्टात मुंबई बंदराच्या तोंडाशी दोन जहाजांची टक्कर झाली, कंटेनर वाहत सुटले. काहींत कीटकनाशक आहे म्हणून हात लावू नका सांगितलं होतं. आमच्या वाट्याला आलं ते तेल. जाळं ओढलं की हात कोपरापर्यंत काळे, रॉकेलनेच निघायचे. मासळीला गिऱ्हाईक नाही ते वेगळंच.

कोपरीतून
'फुटमाल' कसा वाटतो?

चेंदणीकर
तुटक्या कपबशा वाटतात.

कळव्याचा वाचक
शब्दाआधी हक्काचं बघा, कारण आपल्याकडे हा वाद रायगडावर झालाय. १६७४ मध्ये राज्याभिषेकाच्या वेळी इंग्रजांचा दूत हेन्री ऑक्झिंडेन तहाची कलमं घेऊन आला. एक कलम असं की इंग्रजांची जहाजं वादळाने मराठी किनाऱ्याला लागली, तर मालासकट परत द्यावीत. बाकी बहुतेक कलमं मान्य झाली, हे महाराजांनी मानलं नाही. किनाऱ्याला लागलेलं परत न देणं हा कोकणचा फार जुना रिवाज. आज इंग्रजांना सवलत दिली तर उद्या फ्रेंच आणि डच तेच मागतील, असं उत्तर मिळालं.

गंमत अशी की इंग्लंडातही राजाचा असा हक्क होताच. १२७५ च्या कायद्याने त्याला वेसण घातली: जहाजावरून माणूस, कुत्रा किंवा मांजर जिवंत सुटलं तर ते 'रेक' नव्हे. माल वर्ष आणि एक दिवस सांभाळायचा, मालक आला तर त्याला द्यायचा. म्हणजे अख्ख्या जहाजाची मालकी एका मांजरावर! 'रेक' हा शब्द नुसत्या वस्तूचा नाही, हक्काचा आहे. तुमच्या मराठी शब्दात ते यायला हवं.

ऐरोलीकर
बाईंना वकीलसाहेबांचं म्हणणं कळवलं. 'तारण' मंजूर, पण पहिल्या वेळी 'जहाजतारण' लिहायच्या अटीवर. 'रेक'चा एकच शब्द करण्याचा नाद सोडला. ताई, तुमचे बुडालं-फुटलं-लागलं जागा पाहून वापरतोय. हक्काचा प्रश्न असेल तिथे 'किनाऱ्याला लागलेला माल'. लांब आहे, असू दे.

लेखातला एक परिच्छेद मात्र गाळतोय. गाढवाच्या गळ्यात कंदील बांधून जहाजं खडकावर ओढायचे, ती गोष्ट. तिला धड पुरावा सापडत नाही. शिवाय अंधारात उजेड दिसला की तिथे जमीन आहे हे कुठल्याही तांडेलाला कळतं, तो सुकाणू उलट फिरवेल.

की वेस्टचे झाले 'जहाजतारणवाले', सिलीचे 'किनारलुटे'. अडलोय ते स्कॉटलंडच्या एरिस्के बेटावर. १९४१ च्या फेब्रुवारीत तिथे 'पॉलिटिशियन' नावाचं जहाज खडकावर चढलं, पोटात व्हिस्कीच्या हजारो पेट्या. बेटावरच्यांनी रात्री होड्या काढून पेट्या आणल्या, बाटल्या मिळेल तिथे दडवल्या. ते म्हणत, समुद्रात जाणारं आम्ही वाचवलं. जकातवाले म्हणत चोरी, काहींना तुरुंगही झाला. तारणवाले लिहावं तर जकातवाले खोटे पडतात, लुटे लिहावं तर बेटकरी. तूर्त नुसतं 'गावकरी' लिहून पुढे गेलोय.