हनोई मिगनं राखलं म्हणे!

गोलंदाज: परवा इथे कुणीतरी ठोकून दिलं की व्हिएतनाम युद्धात व्हिएतनामी मिगनी, म्हणजे सोव्हिएत लढाऊ विमानांनी, अमेरिकेला गुडघ्यावर आणलं. डोकंच फिरलं. उत्तर व्हिएतनामवर पडलेली बहुतेक अमेरिकी विमानं विमानवेधी तोफांनी पाडली. सॅम (जमिनीवरून सुटणारी विमानवेधी क्षेपणास्त्रं) चुकवायला खाली यायचं की ३७ आणि ५७ मिमीच्या तोंडी सापडायचं. फोटो मात्र वैमानिकांचे!

मिगवेडा: ४ एप्रिल १९६५, उत्तर व्हिएतनामातला हाम रोंग पूल. मिग-१७ नी तिथे बॉम्ब टाकायला आलेली दोन अमेरिकी एफ-१०५ लोळवली. आणि मिग दिसला की बॉम्ब वाटेतच टाकून पळावं लागायचं, ते कुठल्या खात्यात धरता?

गोलंदाज: २ जानेवारी १९६७ पण धरा. अमेरिकी कर्नल रॉबिन ओल्ड्सच्या फँटम लढाऊ विमानांनी एफ-१०५ चं सोंग घेतलं, अमेरिकेच्या हिशेबानं ७ मिग-२१ गेली.

ओझरकर: मिग-२१ ला नावं ठेवायचं काम नाही. वडिलांची उमर ओझरच्या विमान कारखान्यात त्यावर गेली. सप्टेंबर २०२५ मध्ये चंदीगडला हवाई दलानं त्याला निरोप दिला, टीव्ही बंद करून न जेवता झोपले.

स्पष्टवक्ती: आमच्या मामेभावाचा कोर्समेट मिग-२१ च्या अपघातातच गेला. त्याची आई पण जेवली नाही काका. गोडवे पुरे.

ओझरकर: ताई, ताशी ३०० किमीच्या वर वेगानं टेकणारं विमान, आणि पोरं किरण या साध्या प्रशिक्षण विमानावरून थेट त्यावर! मधल्या टप्प्याचं प्रशिक्षण विमान हॉक आलं २००८ ला. त्याची फाइल कुणी दाबून ठेवली ते विचारा.

स्पष्टवक्ती: म्हणजे यंत्र साधू, माणसं चोर. छान. इंजिन हवेत बंद पडायचं ते पण फाइलमुळेच का?

ओझरकर: देखभालीतलं तुम्हाला काय कळतं?

मिगवेडा: अहो, धागा हनोईचा आहे! डिसेंबर १९७२ मध्ये व्हिएतनामी वैमानिक फाम तुआननं मिग-२१ मधून बी-५२ हे अमेरिकी बॉम्बफेकी विमान पाडलं.

गोलंदाज: असा त्यांचा दावा. अमेरिका १५ बी-५२ गेल्याचं मानते, सगळी सॅमनी. अमेरिकी जॅमिंगनं (रडार आंधळं करणाऱ्या लहरींनी) रडारचा पडदा भरून जायचा, तर सॅमवाल्या पोरांनी त्या जॅमिंगच्या पट्ट्यावरच नेम धरला. वर बी-५२ पहिल्या रात्री त्याच वाटेनं येऊन त्याच जागी वळत होती.

मिगवेडा: अमेरिका मानत नाही म्हणजे खोटं, हे बरंय. घ्या, बी-५२ तुमची. पूल माझा.

गोलंदाज: पुलाभोवती पण तोफाच होत्या.

स्पष्टवक्ती: मे १९७२ मध्ये लेझर बॉम्बनं पाडला तो पूल. तेव्हा दोघांचे हिरो कुठे होते?