कार्ब्युरेटरच्या स्क्रूपर्यंत हात पोहोचवण्याविषयी

यामाहा सुपरजेट या उभ्याने चालवायच्या जेट-स्कीच्या (पाण्यावरील स्कूटरच्या) ७०१ सीसी इंजिनावरील जोड मिकुनी कार्ब्युरेटरांपैकी (हवा आणि इंधन मिसळणाऱ्या भागांपैकी) एकाच्या मिश्रण जुळवायच्या स्क्रूपर्यंत पेचकस पोहोचत नाही आणि त्यामुळे अंदाजानेच स्क्रू फिरवावा लागतो, अशी अडचण एकाने मांडली आहे. माझ्या मते येथे अंदाजाने काम करू नये. फ्लेम अरेस्टर (कार्ब्युरेटरच्या तोंडावरील ज्वालारोधक जाळी) काढून, आखूड किंवा लवचिक दांड्याचा पेचकस आणि एक लहान आरसा वापरल्यास स्क्रूची खाच नीट दिसते. मी त्या खाचेच्या एका टोकाला पांढऱ्या रंगाचा ठिपका देतो, म्हणजे पाव फेराही डोळ्यांनी मोजता येतो.

बदल करण्यापूर्वी स्क्रू हलक्या हाताने पूर्ण आत फिरवून किती फेरे बसले ते लिहून ठेवावे. तो गच्च आवळला, तर स्क्रूचे टोक आणि ते जिथे टेकते ती बैठक दोन्ही खराब होतात. हे इंधनाचे स्क्रू असल्याने आत फिरवल्यास मिश्रण पातळ होते (इंधन कमी) आणि बाहेर फिरवल्यास दाट होते (इंधन जास्त). थ्रॉटल एकदम दाबताच इंजिन अडखळत असेल, तर प्रथम लो स्पीड स्क्रू (कमी वेगाचे इंधन ठरवणारा) पाहावा. हाय स्पीड स्क्रू (जास्त वेगाचे इंधन ठरवणारा) मात्र आत नेताना फार जपावे, कारण या टू-स्ट्रोक इंजिनात वंगणाचे तेल इंधनाबरोबरच जाते. मिश्रण पातळ झाले की वंगणही घटते, उष्णता वाढते आणि पिस्टन जाम होऊ शकतो. अरेस्टर परत बसवल्याशिवाय इंजिन कृपया सुरू करू नका, बॅकफायरची (इंजिनातून उलट बाहेर येणारी) ज्वाला तोच अडवतो.