वर्षभर जेवण देते आहे, आता काकांना काम द्यायचंय. सुरुवात कशी करू?

खानावळ_नवीपेठ

नवी पेठेत माझी छोटी खानावळ आहे. बसून जेवणारी ४० मुलं, बहुतेक एमपीएससीवाली, आणि ७० डबे. समोरच्या बंद दुकानाच्या पायरीवर गेल्या दिवाळीपासून एक काका झोपतात. वय पंचावन्नच्या आसपास, गाव परभणीकडचं. रात्री आवराआवर झाली की मी त्यांना पोळी-भाजी, वरण-भात देते.

मागच्या सोमवारी त्यांनी ताट परत दिलं ते घासून. बाहेरच्या नळावर, राखेनं. म्हणाले, "ताई, आचाऱ्याच्या हाताखाली बारा वर्षं काढलीत मी. लग्नाचा भात उतरवलाय. नुसतं बसून खायला बरं वाटत नाही."

मला फार लाज वाटली. वर्षभरात मी त्यांना एकदाही विचारलं नव्हतं की तुम्ही आधी काय करत होतात.

माझ्याकडे काम आहे. रात्रीची भांडी, मंडईतून आणलेली भाजी निवडणं, कांदा चिरणं. पण घरातून विरोध आहे. "ना आधार, ना पत्ता, उद्या काही झालं तर?" आधार कार्ड पिशवीसकट चोरीला गेलं, असं काका सांगतात. अधूनमधून घेतात, हेही मला माहीत आहे. आणि माझी स्वतःची भीती वेगळीच आहे. जेवणाच्या बदल्यात राबवून घेतलं असं व्हायला नको. पगार कसा ठरवू? किती तासांनी सुरुवात करू? कुणी केलं असेल तर सांगा.

वारजे_सेंट्रिंग

ताई, मी वारज्यात सेंट्रिंगची कामं घेतो. नाक्यावरून माणसं नेतो, त्यातली काही रात्री पुलाखालीच असतात. दोन गोष्टी पक्क्या ठेवा. जेवण वेगळं, मजुरी वेगळी. जेवण मजुरीतून कापायचं नाही. आणि पहिला महिनाभर मजुरी रोजच्या रोज, हातात. महिन्याचा पगार सांगितला तर तो माणूस तीस दिवस काढणार कशावर? मोठी उचल मात्र देऊ नका. उचल दिली की माणूस दबतो, मग एक दिवस तोंड चुकवायला लागतो. चांगली माणसं अशी गमावलीत मी.

आमचं गाव सांगोल्याकडं. १९७२च्या दुष्काळात मदतीची सुकडी आणि मिलो ज्वारी खाऊन आमचं घर जगलं, ते आम्ही विसरलो नाही. पण वडील पुन्हापुन्हा सांगायचे ते दुष्काळी कामावर खडी फोडल्याचं. हजेरीपटावर अंगठा उठवून पगार घेतला आणि आईला लुगडं आणलं, एवढीच गोष्ट, पण दर दिवाळीला. त्या कामांमधूनच पुढं १९७७ला रोजगार हमीचा कायदा झाला. तो खेड्यापुरता. पुण्यात आलेल्या माणसाला काम मागायचा तसला हक्क नाही. त्यानं नाक्यावर उभं राहायचं आणि कुणी बोट दाखवतंय का बघायचं. पन्नाशीच्या माणसाकडं कुणी बोट दाखवत नाही. मीही दाखवत नाही, चौथ्या मजल्यावर प्लेटा चढवायच्या असतात. तुमच्याकडं बसून करण्यासारखं काम आहे, म्हणून म्हणतो, घ्याच त्यांना.

रात्रपाळी

मी शहरातल्या एका बेघर निवाऱ्यात नऊ वर्षं रात्रपाळीला होतो. जरा लांब लिहितो.

आधी झोपेचं बोलू या. सकाळी दहाला फुटपाथवर झोपलेला माणूस दिसला की लोक आळशी म्हणतात. त्यानं रात्र कशी काढली ते कुणी पाहिलेलं नसतं. बाराला पोलिसांची गाडी, दोनला कुत्री, मधेच कुणीतरी चपला ओढतंय, साडेचारला झाडूवाल्या येतात. सलग तीन तास झोप मिळाली तर ती चांगली रात्र. म्हणून काकांना सकाळी सहाला बोलावू नका. संध्याकाळी सात ते अकरा बोलवा. चार तास पुरेत सुरुवातीला. चार तासांचे तीनशे दिलेत तर चालेल, पण तुमच्या मावशींना तासाला जे देता त्याहून कमी नको.

दुसरं म्हणजे बोचकं. हे ऐकायला क्षुल्लक वाटेल. निवाऱ्यात येणाऱ्या किती जणांनी कामं सोडली ती फक्त सामान सांभाळायला कुणी नाही म्हणून. घोंगडी, एक जोड कपडे, मुलीच्या लग्नाचा फोटो, औषधाची चिठ्ठी. ते कुठं ठेवून कामाला जायचं? तुमच्याकडे पत्र्याची एखादी जुनी पेटी असेल तर कुलूप लावून द्या, आणि किल्ली त्यांच्याकडेच राहू द्या.

माझ्या हातून झालेली एक चूक सांगतो, ती तुमच्याकडून होऊ नये. एका चाळिशीतल्या माणसाला मी वॉचमनचं काम लावून दिलं. बारा तासांची रात्रपाळी. मला फार आनंद झाला होता, चार जणांना सांगत फिरलो. पण आमचा निवारा तेव्हा सकाळी आठला बंद व्हायचा. वास्तविक असे निवारे वर्षभर, चोवीस तास उघडे असायला हवेत आणि लाखाच्या वस्तीमागे एक तरी हवा, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१०लाच सांगितलंय. तो माणूस दिवसा झोपणार कुठं, हे मी विचारलंच नाही. एकोणिसाव्या दिवशी ड्युटीवर बसल्या बसल्या डोळा लागला आणि काम गेलं. ठेकेदाराने गणवेशाचे पैसे कापून घेतले. तो परत आला तेव्हा माझ्याशी नीट बोलला, त्याचाच मला जास्त त्रास झाला. काम लावून दिलं म्हणजे मदत झाली, असं मी त्यानंतर कधी म्हटलं नाही.

आता कागदपत्रं. काकांचं आधार पूर्वी निघालेलं असेल तर आधार केंद्रावर बोटांच्या ठशांवरून शोधून प्रिंट मिळते, त्यांना घेऊन जा. निघालेलंच नसेल तर मान्यताप्राप्त निवाऱ्याच्या प्रमुखाचा दाखला पत्त्यासाठी चालतो. मग जनधनचं खातं, त्यात शिल्लक ठेवावी लागत नाही. हे सगळं करेपर्यंत एक काम आजच करा. खानावळीच्या शिक्क्यानिशी पत्र द्या की हे गृहस्थ आमच्याकडे कामाला आहेत. आपल्याकडे १९५९चा भिक्षा प्रतिबंधक कायदा अजून आहे. त्याच्या व्याख्येत नुसतं हात पसरणं नाही, उपजीविकेचं साधन दिसत नसताना भटकत राहणंही येतं. दिल्ली उच्च न्यायालयाने २०१८ला त्यातली बरीच कलमं रद्द केली, पण ती दिल्लीपुरती. खिशात असं पत्र असलं की माणूस पोलिसांशी मान वर करून बोलतो, हे मी पाहिलंय.

ओळखपत्राने काय फरक पडतो ते पुण्याला वेगळं सांगायला नको. कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत ही कचरा वेचणाऱ्यांची संघटना १९९३ला सुरू झाली. कचरा वेचणाऱ्या बायकांना महापालिकेने मान्य केलेली ओळखपत्रं मिळाली, आणि पुढे २००८ला 'स्वच्छ' या त्यांच्याच सहकारी संस्थेतून त्याच बायका दारोदार कचरा घेऊ लागल्या. काम त्या आधीही तेच करत होत्या.

परिचारिका_कर्वेरोड

वरचं सगळं पटलं, पण एक काळजी वाटते म्हणून लिहिते. काका काम करू शकतात म्हणून हे शक्य आहे. सगळ्यांना नाही जमत. मी वॉर्डात रस्त्यावरून आणलेली माणसं पाहिली आहेत. कुणाच्या पायाला न भरणारी जखम, कुणाला आवाज ऐकू येतात. त्यांना "काम कर, मग जेव" म्हणणं क्रूरपणा आहे. मानसिक आजाराने भटकणाऱ्या माणसाला उपचारांपर्यंत नेणं हे २०१७च्या कायद्यानुसार पोलिसांचंच काम आहे. कर्जतला डॉ. भरत वाटवानी अशाच माणसांना बरं करून घरी पोचवतात, त्यांना २०१८ला मॅगसेसे मिळाला. न्यूयॉर्कमध्ये तर १९९२पासून एका संस्थेने आधी घर दिलं, दारू सोडण्याचीही अट घातली नाही. घर मिळाल्यावर बाकीचं.

म्हणून ताई, काका एखादा दिवस आले नाहीत, पिऊन आले, किंवा त्यांना हे झेपलंच नाही, तरी ताट बंद करू नका. पिऊन आले तर त्या दिवशी विळी-सुरी हातात देऊ नका, एवढंच.

रात्रपाळी

बाईंशी पूर्ण सहमत. मी हे आधीच लिहायला हवं होतं.

खानावळ_नवीपेठ

तीन आठवडे झाले, म्हणून कळवते.

सात ते अकरा ठरवलं. पत्र दिलं, पेटी दिली. पेटीवर त्यांनी स्वतः आणलेलं कुलूप लावलं, माझं परत केलं. पहिले आठ दिवस नीट गेले. कढया अशा निघतात की मावशी म्हणाल्या, एवढी वर्षं ही पितळी आहे हेच दिसत नव्हतं.

नवव्या दिवशी आले नाहीत, दहाव्याही नाहीत. घरात "सांगितलं होतं ना" सुरू झालं. मी स्कूटरवर शोधत फिरले, अलका टॉकीज, सारसबाग, शेवटी स्वारगेटला दिसले. पायरीवरून सगळ्यांना उठवलं होतं आणि पैसे हातात होते, ते प्यायले होते. वर बघायलाच तयार नव्हते. मी म्हटलं, ताट झाकून ठेवलंय. बाकी काही बोलले नाही. अकराव्या दिवशी पावणेसातला दारात उभे होते. तेव्हापासून शंभर रुपये हातात घेतात आणि दोनशे माझ्याकडे ठेवायला देतात, वहीत लिहून, त्यांच्या सहीसकट. हे त्यांनीच सुचवलं.

परवा विचारलं, मुलांकडून ताटाचे किती घेता? सांगितले. म्हणाले, मग माझेही लिहा. मी नको म्हणत होते, वाद घालत होते. माझे सासरे भुसार बाजारात हमाल होते, हमाल पंचायतीने १९७४ला 'कष्टाची भाकर' हे स्वस्त जेवणाचं केंद्र सुरू केलं तेव्हापासून पैसे मोजून तिथं जेवलेले. ते आतून ओरडले, "अगं, घे त्याचे पैसे." निम्मे घ्यायचं ठरलं.

आधार केंद्रावर मंगळवारी जातोय. त्यांच्या पायांना सूज येते, मोरीशी चार तास उभं राहणं बरं नाही. उद्या बोहरी आळीत उंच स्टूल बघते. रात्रपाळी, ठसे जुळले नाहीत तर निवाऱ्याचा दाखला मिळवायला कुणाला भेटायचं, ते मला निरोपातून सांगाल का?