लहान मुलांसह वॉटर पार्क: कोल्हापूरकर पालकांचे अनुभव

मुलांच्या वार्षिक परीक्षा संपत आल्या की ओळखीच्या घरांतून एकच विचारणा सुरू होते: यंदा बाली की थायलंड, सिंगापूर की मलेशिया, आणि तिथला कोणता वॉटर पार्क मुलांना झेपेल? सहल कंपन्यांच्या पत्रकांत प्रत्येक पार्क ‘सहकुटुंब’ असतो. चार वर्षांच्या मुलाला तिथे दिवसभर काय करता येईल, दुपारी सावली कुठे मिळेल आणि आजीला टेकायला जागा आहे का, हे मात्र त्यांत छापलेले नसते. म्हणून जी कुटुंबे प्रत्यक्ष जाऊन आली आहेत, तसेच ज्यांचा पाण्याशी किंवा मुलांच्या आरोग्याशी रोजचा संबंध येतो, अशा कोल्हापुरातल्या काही जणांना मी आवर्जून लिहायला सांगितले. तक्रार असेल तर संस्थेचे नाव घेऊ नये, एवढीच विनंती केली होती.

माझे मत आधीच सांगून टाकते. पार्कची निवड घरातल्या सर्वांत लहान मुलाच्या उंचीवरून व्हावी. मोठे मूल लहानांच्या भागातही अर्धा दिवस रमते, पण लहान मुलाला मोठ्यांच्या राइडखाली टॉवेल सांभाळत उभे केले की त्याची सुट्टी तिथेच संपते. खालचे सगळेच या मताचे नाहीत. त्यांचे म्हणणे त्यांच्याच शब्दांत ठेवले आहे; प्रत्येकाच्या मथळ्यात आधी कोल्हापुरातल्या त्यांच्या भागाचे नाव आहे.

ताराबाई पार्क, अकरा वर्षांचा मुलगा आणि पाच वर्षांची मुलगी

आम्ही बालीमध्ये कुटा येथील वॉटरबॉम निवडला. हा पार्क १९९३ पासून सुरू आहे आणि विमानतळापासून जवळ असल्यामुळे लहान मुलांना घेऊन फार प्रवास करावा लागत नाही. मला तो आवडला तो मुख्यतः झाडांमुळे. रांगेत उभे राहताना, एका राइडवरून दुसरीकडे चालत जाताना डोक्यावर हिरवी सावली असते, आणि विषुववृत्ताजवळच्या उन्हात ही गोष्ट कोणत्याही उंच घसरगुंडीपेक्षा मोलाची ठरते.

आमची मुलगी उंची मोजायच्या खांबापाशी टाचा उंचावून उभी राहिली. तिथल्या कर्मचाऱ्याने हसत तिच्या खांद्यांवर हलकेच हात ठेवले, टाचा जमिनीला टेकवायला लावल्या आणि पट्टी पुन्हा पाहिली. दोन बोटे कमी भरली. त्याने तिला नमस्कार केला, पण सोडले नाही. मुलगी रडली, मला मात्र त्याच क्षणी त्या पार्कचा भरवसा वाटला. जिथे आईबापांच्या आग्रहाखातर मापात सूट मिळते, तिथे मुलाला नेऊ नये असे माझे ठाम मत आहे.

निघण्यापूर्वी घरच्या भिंतीवर मुलांची उंची अनवाणी मोजून घ्यावी आणि पार्कच्या संकेतस्थळावरचा उंचीचा तक्ता शेजारी ठेवावा. पुष्कळ ठिकाणी १०७ आणि १२२ सेंटिमीटर या मर्यादा आढळतात, पण प्रत्येक पार्कचा आणि प्रत्येक राइडचा नियम वेगळा असतो. कोणत्या राइडवर बसायला मिळणार नाही, हे मुलांना घरीच सांगितले तर तिथे रडारड कमी होते. आमच्या मुलाला ‘क्लायमॅक्स’ खुणावत होती. त्या राइडमध्ये उभे असतानाच पायाखालची झडप उघडते आणि माणूस जवळजवळ सरळ खाली जातो. यजमान त्याच्याबरोबर गेले, मी मुलीबरोबर लहानांच्या तलावात थांबले आणि जेवणानंतर आम्ही जागा बदलल्या. दोन मोठी माणसे असतील तर अशी वाटणी आधीच ठरवून घ्यावी.

बालीत साधारण एप्रिल ते ऑक्टोबर हा कोरडा काळ असतो, त्यामुळे आपली मे महिन्याची सुट्टी तिथे चांगली जुळते. ऑस्ट्रेलियातल्या शाळांना जुलैच्या सुमारास सुट्टी लागली की तिथे गर्दी वाढते. फरशी तापते, म्हणून मुलांना पाण्यातले बूट न्यावेत. राइडवर बसताना ते बहुधा काढावे लागतात, तेव्हा सहज निघणारे घ्यावेत.

शिरोली एमआयडीसी, फौंड्री व्यवसाय, आठ वर्षांच्या जुळ्या मुली

आम्ही क्वालालंपूरजवळचा सनवे लगून पाहिला. कथिलाच्या जुन्या खाणीच्या खड्ड्यात हा पार्क उभारलेला आहे. आमचा धंदाच धातूचा असल्यामुळे मला त्याचे विशेष वाटले; वरून पाहिले की खाली सगळा पार्क एखाद्या प्रचंड वाडग्यात ठेवल्यासारखा दिसतो. एकाच तिकिटात पाण्याचा भाग, पाळणे, प्राणी असे पुष्कळ काही मिळते आणि नेमकी तिथेच पालकांची ओढाताण होते. लहान मुली असताना आम्ही पाण्याचा भाग धरला आणि बाकीचे सोडून दिले. सगळे वसूल करायला निघालेली कुटुंबे दुपारी तीन वाजता दमलेल्या मुलांना ओढत नेताना दिसत होती.

विजांबद्दल मात्र प्रत्येकाने लक्षात ठेवावे. त्या भागात वर्षभर दुपारनंतर गडगडाटी पाऊस येऊ शकतो. विजा चमकू लागल्या की उघड्यावरच्या राइड थांबवतात आणि सगळ्यांना पाण्याबाहेर काढतात. ते योग्यच आहे. पाण्यात किंवा उंच जिन्यावर असताना वीज पडणे जिवावर बेतू शकते. म्हणून दार उघडताना आत जावे, मोठ्या राइड सकाळी उरकाव्यात आणि जेवण उशिरा, पावसाच्या वेळी करावे. पावसामुळे राइड बंद पडल्यास पैसे परत मिळतात की नाही, हा नियम तिकीट काढण्यापूर्वी वाचावा.

कसबा बावडा, पोहण्याचे प्रशिक्षक

जलतरणपटू वीरधवल खाडेने २००८ च्या बीजिंग ऑलिंपिकमध्ये आपल्या गावाचे नाव नेले, तेव्हापासून कोल्हापुरातले पालक मुलांना पोहायला घालतात आणि याचा मला मनापासून आनंद आहे. परंतु तलावात पंचवीस मीटर पोहणारे मूल वेव्ह पूलमध्ये सुरक्षित असतेच असे नाही. विहिरीत पाठीला डबा बांधून शिकलेली मुले, राजाराम बंधाऱ्यावर उड्या मारणारी मुले मी पाहिली आहेत. ती धीट असतात. कृत्रिम लाटांची गोष्ट वेगळी आहे. लाट येताना पाय सुटतो, शेजारच्या माणसाची ट्यूब अंगावर येते आणि श्वास घ्यायची वेळ चुकते. छातीएवढ्या पाण्यात उभे असलेले मूल एका लाटेत गळ्याएवढ्या पाण्यात जाते.

बुडणारे मूल बहुतेक वेळा ओरडत नाही. ते पाण्यात उभे दिसते, डोके मागे झुकलेले असते, तोंड पाण्याच्या पातळीवर असते आणि हात बाजूला पाणी दाबत असतात. दुरून ते खेळत आहे असे वाटते. म्हणून पाच-सात वर्षांच्या मुलापासून मोठ्या माणसाचे अंतर हात लांबवून पकडता येईल एवढेच असावे. ‘मी काठावरून बघते आहे’ हे पुरेसे नाही.

दंडावर चढवायच्या फुगवलेल्या पट्ट्या निसटतात आणि त्यांची हवाही जाते. त्यांच्यावर विसंबू नये. लाइफ जॅकेट मुलाच्या वजनाप्रमाणे घ्यावे, सगळे पट्टे लावून झाल्यावर खांद्यांपाशी धरून वर उचलून पाहावे. जॅकेट कानांपर्यंत सरकले तर ते मोठे आहे, दुसरे मागावे. पुष्कळ पार्कांत जॅकेट तिथेच मिळतात, फक्त मागण्याचा संकोच करू नये.

आपल्याच राज्यातल्या एका पार्कमध्ये भाच्यांना नेले होते, त्याचे नाव देत नाही. वेव्ह पूलच्या खुर्चीवरचा जीवरक्षक मोबाइलमध्ये डोके घालून बसला होता. मी व्यवस्थापकाला सांगितले आणि मुलांना दुसरीकडे नेले. कोठेही गेल्यावर मी आधी पाच मिनिटे काठावर उभा राहून जीवरक्षकाकडे पाहतो. त्याची मान सतत फिरते का, तो ठरावीक वेळाने जागा बदलतो का, नियम मोडणाऱ्याला शिट्टी मारतो का? घसरगुंडीच्या वर आणि खाली दोन्हीकडे माणूस आहे का, आणि पहिले मूल बाजूला झाल्याशिवाय दुसरे सोडत नाहीत ना? एवढे पाहिले की पार्कबद्दल जे कळायचे ते कळते.

राजारामपुरी, बालरोगतज्ज्ञ

सुट्टीनंतर दवाखान्यात जुलाब, कानदुखी आणि भाजलेली त्वचा घेऊन मुले येतात, त्यामुळे थोडे सविस्तर लिहितो.

क्लोरीनचा उग्र वास म्हणजे स्वच्छ पाणी, असा समज आहे. वस्तुस्थिती उलट आहे. क्लोरीन घाम आणि लघवी यांच्याशी मिसळल्यावर क्लोरामाइन तयार होतात, तो झणझणीत वास आणि डोळ्यांची जळजळ मुख्यतः त्यांची असते. चांगल्या राखलेल्या तलावात वास सौम्य असतो आणि पाण्याचा तळ स्पष्ट दिसतो. मोकळे, म्हणजे जंतू मारायला शिल्लक असलेले क्लोरीन किमान १ पीपीएम (दहा लाख भागांत एक भाग) आणि पीएच (पाण्याच्या आम्लतेचे माप) ७ ते ७.८ असावे, असे मानक आहे. काही ठिकाणी हे आकडे फलकावर लिहितात, ते वाचण्याची सवय ठेवावी. पाण्यात उतरण्यापूर्वी प्रत्येकाने साध्या पाण्याने अंघोळ करणे ही नुसती औपचारिकता नसून त्याच क्लोरीनला आपले काम करू देण्याचा मार्ग आहे.

जुलाब होत असलेल्या मुलाला पाण्यात उतरवू नये, तिकिटाचे पैसे गेले तरी चालतील. क्रिप्टोस्पोरिडियम नावाचा परजीवी नेहमीच्या क्लोरीनमध्येही सात दिवसांहून अधिक जगू शकतो. त्याचा संसर्ग झाला असेल तर जुलाब थांबल्यावरही दोन आठवडे तलाव टाळावा लागतो. पाण्यातले डायपर घन शी थोडा वेळ अडवतात, जुलाब अडवत नाहीत. पाणी गिळू नये, हे मुलांना शिकवावे.

विषुववृत्ताजवळ आकाश ढगाळ असले तरी अतिनील किरणे त्वचा भाजतात. एसपीएफ ३० किंवा अधिक असलेले सनस्क्रीन दर दोन तासांनी आणि पुसून कोरडे केल्यावर पुन्हा लावावे. त्याहून उपयोगी म्हणजे पूर्ण बाह्यांचा लायक्राचा टी-शर्ट. सहा महिन्यांखालच्या बाळाला उन्हात आणूच नये. पाण्यात खेळताना घाम जाणवत नाही, म्हणून तासातासाला पाणी पाजावे. फिट्स येणाऱ्या, दम्याच्या किंवा कानात नळी बसवलेल्या मुलांच्या पालकांनी आधी आपल्या डॉक्टरांशी बोलावे.

मंगळवार पेठ, आजी

नातवंडांबरोबर मीही गेले होते. मला बसायला सावलीची जागा, जवळ स्वच्छतागृह आणि मुले दिसतील असा काठ, एवढेच हवे होते. साडी नेसून पाण्यात जाऊ देत नाहीत आणि ते बरोबर आहे, पदर अडकला तर काय करणार? सुनेने मला पायघोळ पोहण्याचा पोशाख घेऊन दिला आणि मी संथ वाहणाऱ्या पाण्यात ट्यूबवर बसून धाकट्याबरोबर फिरले. बाहेरचे खाणे आत नेऊ देत नाहीत, लहान बाळाचे तेवढे चालते. दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी हॉटेलवर ठेवून सकाळी पोटभर खाऊन निघावे.

नागाळा पार्क, दोन मुलगे, वय सहा आणि नऊ

ज्यांना उष्ण प्रदेश आणि पाणी एवढेच हवे आहे त्यांनी पासपोर्टची घाई करू नये, असे मला वाटते. कोचीचा वंडरला हा वॉटर पार्क २००० साली वीगालँड या नावाने सुरू झाला. बेंगळुरूचा २००५ मध्ये, बिडदीजवळ म्हैसूर रस्त्यावर. कोल्हापूरहून बेंगळुरू महामार्गाने सरळ जाता येते. मुलांना पहिल्यांदा उंच घसरगुंडीची भीती वाटते की आवड आहे, हे अशा ठिकाणी कळते आणि मग पुढच्या वर्षी परदेशाचा खर्च करायचा की नाही हे ठरवणे सोपे जाते. ताराबाई पार्कातल्या ताईंनी सावलीबद्दल लिहिले आहे ते मला शंभर टक्के पटते. पण सहा वर्षांच्या मुलाला विमानातले तास आणि अनोळखी जेवण यांचाही थकवा येतो, तो कोणी मोजत नाही.

कपड्यांबद्दल भांडणे होतात म्हणून सांगतो. सुती कपड्यांचे धागे गाळणयंत्रात जातात आणि ओला सुती कपडा जड होऊन अंगाला ओढतो. जीन्सची बटणे आणि चेन घसरगुंडीचा पृष्ठभाग खरवडतात, पुढच्या मुलाची पाठ त्यावरून घासली जाते. नायलॉन किंवा लायक्राचे कपडे घरूनच घ्यावेत, नाहीतर तिथल्या दुकानात नाइलाजाने घ्यावे लागतात.

केरळात जूनच्या सुरुवातीला मोसमी पाऊस येतो, तेव्हा मे महिन्याच्या पहिल्या पंधरवड्यातच जावे.

रुईकर कॉलनी, स्वमग्न मुलाची आई

माझा मुलगा नऊ वर्षांचा आहे. पाणी त्याला शांत करते, मात्र भोंगे, कर्कश संगीत आणि धक्काबुक्की त्याला सहन होत नाही. त्यामुळे मी पार्क निवडताना राइडची यादी बाजूला ठेवते आणि दोन गोष्टी शोधते: लांब, संथ वाहती नदी आणि गर्दी नसलेला दिवस.

सिंगापूरच्या सेंटोसा बेटावरचा अ‍ॅडव्हेंचर कोव्ह त्यासाठी आम्हाला मानवला. तिथली अ‍ॅडव्हेंचर रिव्हर ६२० मीटर लांब आहे आणि ती बागांतून, गुहांतून फिरते. तो ट्यूबवर पोटावर पडून एक हात पाण्यात सोडायचा आणि बोटांमधून पाणी जाताना पाहत राहायचा; पुढचे वळण आले की माझ्याकडे बघायचा, कारण कोणत्या वळणानंतर अंधार येतो हे त्याला पाठ झाले होते. रेनबो रीफमध्ये हजारो माशांवरून तरंगत जाता येते. तोंडावर मास्क नको म्हणून तो उतरला नाही, आणि आम्ही त्याला आग्रह केला नाही. बाकीच्या राइड पाहिल्यासुद्धा नाहीत. प्रवेशद्वारावर मी त्याच्याबद्दल मोकळेपणाने सांगितले, तेव्हा शांत कोपरा कुठे आहे ते त्यांनी नकाशावर दाखवले. असे विचारायला पालकांनी लाजू नये.

दिवस निवडताना तिथल्या शाळांच्या सुट्ट्या पाहाव्यात. सिंगापूरच्या शाळा मे महिन्याच्या अखेरीस सुटतात आणि जूनभर बंद असतात, त्यानंतरची मोठी सुट्टी नोव्हेंबरच्या उत्तरार्धापासून डिसेंबर अखेरपर्यंत असते. आपल्या शाळा एप्रिलअखेरीस सुटतात, म्हणजे मे महिन्याचे पहिले तीन आठवडे आपल्या हातात असतात. त्यातही शनिवार-रविवार सोडावेत आणि १ मे व तिथला बुद्धपौर्णिमेचा (वेसाक) दिवस टाळावा, कारण त्या दिवशी तिथेही सुट्टी असते; वेसाकची तारीख आपल्या बुद्धपौर्णिमेपेक्षा वेगळी असू शकते, म्हणून ती तिथल्या दिनदर्शिकेत पाहावी.