दात तुटला की पूर्ण जबड्याचा फोटो सक्तीचा असावा का?

कोपरखळी (धागाकर्ता)
धाकटा भाऊ सायकलवरून हनुवटीवर आपटला. एका ठिकाणी हनुवटीला टाके घातले, दुसऱ्या ठिकाणी पुढच्या तुटलेल्या दाताचा छोटा एक्स-रे काढून दात बांधून दिला. 'दातावरच निभावलं' असं आम्ही सगळ्यांना सांगत फिरलो. तीन आठवड्यांनी आईच्या लक्षात आलं की तोंड उघडताना त्याचा जबडा डावीकडे सरकतो. सीटी केला, तर डाव्या कानापुढे जबड्याच्या सांध्याची मान मोडलेली! टाके घालणाऱ्याने कातडी पाहिली, दातवाल्याने दात पाहिला, हाड कुणाच्याच वाटणीला आलं नाही.

माझं मत: तोंडावर मार लागून दात तुटला किंवा हलला, की ओपीजी (पूर्ण जबडा एका फिल्मवर दाखवणारा एक्स-रे) काढलाच पाहिजे. दाताच्या छोट्या एक्स-रेत तीन-चार दात मावतात, त्यात सांधा दिसणारच नाही. कुणाचा विरोध आहे?

अक्कलदाढ
माझा. पेशाने दंतवैद्य आहे. तुमच्या भावाच्या बाबतीत चूक झालीच, पण मशीन न लावल्याची नव्हे, बोटं न लावल्याची.

खालचा जबडा घोड्याच्या नालासारखा असतो. हनुवटीवर फटका बसला की जोर मागच्या दोन टोकांकडे जातो आणि तिथली बारीक मान मोडते. संचलनात उभ्या उभ्या भोवळ येऊन हनुवटीवर पडणाऱ्या सैनिकांमध्ये हनुवटी मधोमध आणि दोन्ही सांधे असं एकदम मोडलेलं सापडायचं, म्हणून त्याला 'गार्ड्समन फ्रॅक्चर' नाव पडलं. म्हणजे हनुवटी फुटलेला पेशंट समोर आला की कानापुढे हात गेलाच पाहिजे.

माझा पहिला प्रश्न ठरलेला असतो: दात पूर्वीसारखे जुळतात का? हे पेशंटइतकं अचूक कुणी सांगू शकत नाही. मग खालचा ओठ बधिर आहे का ते विचारतो, कारण ओठाची नस हाडाच्या आतून येते. जिभेखाली रक्त साकळून निळंकाळं झालंय का ते बघतो. कानात करंगळ्या ठेवून तोंड उघडायला लावतो, दोन्ही सांधे सारखे सरकतात का ते कळतं. एक दात हलवला आणि शेजारचे दोन-तीन त्याच्यासोबत डुलले, तर मोडली आहे ती दात धरून ठेवणारी हाडाची कड. शेवटी जीभ दाबायची लाकडी पट्टी दाढांत घट्ट धरायला सांगतो आणि पिरगळतो. दोन्ही बाजूंना पट्टी मोडेपर्यंत चावा सुटला नाही, तर खालच्या जबड्याचं फ्रॅक्चर असण्याची शक्यता बरीच कमी.

एवढ्याला पाच मिनिटं लागतात. हे सगळं ठीक असताना, दाताचं टोक उडालं म्हणून प्रत्येकाला ओपीजी? नाही पटत.

कोपरखळी
अहो, ही पाच मिनिटं देणाऱ्यांसाठी नियम मागतोय कोण? जे देत नाहीत त्यांच्यासाठीच तर हवा.

काळापांढरा
मी दोघांशीही थोडं भांडतो. दिवसभर अशाच फिल्म वाचतो.

ओपीजी सक्तीचा केलात तर खोटं समाधान मिळेल. त्यात हनुवटीच्या मध्यावर मानेच्या मणक्यांची सावली येते, तिथली बारीक भेग सहज हुकते. सांध्याचं टोक आतल्या बाजूला कललं असेल तर तेही नीट कळत नाही. मोडलेलं हाड काटकोनातल्या दोन दिशांनी बघायचं, हा जुना नियम जबड्यालाही लागू आहे. म्हणून ओपीजीसोबत समोरून एक फिल्म हवी आणि सांध्याचा संशय असेल तर तोंड उघडं ठेवून काढलेली रिव्हर्स टाऊन, म्हणजे सांध्याची मान दाखवणारी खास कोनातली फिल्म. वरच्या जबड्यासाठी तर ओपीजीवर विसंबूच नका, तिथे सीटीच.

आंतरराष्ट्रीय दंत-आघात संघटनेच्या २०२० च्या मार्गदर्शक सूचनांतही दुखावलेल्या दातांच्या वेगवेगळ्या कोनांतून छोट्या फिल्म आणि त्यांनी भागलं नाही तर सीबीसीटी (दात-जबड्याचा त्रिमितीय स्कॅन), असा क्रम आहे. सरसकट ओपीजी नाही.

आणि अक्कलदाढ, बोटांची एवढी खात्री बाळगू नका. सुजलेल्या, रडणाऱ्या, दारू प्यायलेल्या पेशंटच्या दाढांत पट्टी धरून दाखवा बरं.

अक्कलदाढ
हे मान्य. तपासताच आलं नाही तर फोटो, यात वाद नाही.

तीन_लेकरं
किरणांचं कुणीच बोलत नाहीये. माझी मुलं दर महिन्याला कुठेतरी आपटतात. प्रत्येक वेळी फोटो?

काळापांढरा
एका ओपीजीचा डोस म्हणजे निसर्गातून काही दिवसांत आपसूक मिळणारे किरण. चेहऱ्याच्या सीटीचा डोस त्यामानाने बराच जास्त. त्यामुळे भीतीपोटी ओपीजी टाळू नका, पण हौसेने सीटीही नको.

अक्कलदाढ
मुलांच्या बाबतीत मात्र मी फोटोला लवकर तयार होतो. त्यांचं हाड ओल्या काटकीसारखं वाकतं, पूर्ण तुटत नाही, त्यामुळे बाहेरून फारसं काही दिसत नाही. आणि सांध्याची इजा सुटून गेली तर पुढे सांधा आखडतो, हनुवटीची वाढ मागे राहते, चेहरा वाकडा होतो. मुलाची हनुवटी फुटली असेल आणि तोंड पूर्ण उघडत नसेल, तर थांबू नका.

पडछाया
उलटा अनुभव सांगते. अडकलेली अक्कलदाढ काढली, त्या दिवशीची फिल्म स्वच्छ. तिसऱ्या आठवड्यात चावताना कट्ट आवाज आला, जबडा मोडला होता. दाढ काढून कमजोर झालेलं हाड असं उशिरा मोडू शकतं म्हणे. कोपरखळी, तुमच्या सक्तीने मला काय मिळालं असतं?

कोपरखळी
काही नाही, कबूल. 'सक्ती' शब्द मागे घेतो. पण मग एवढं तरी करा: दाताला मार लागलेल्या प्रत्येक पेशंटच्या कागदावर दात जुळतात का, तोंड किती उघडतं, ओठ बधिर आहे का, हे लिहिलेलं असू द्या. रकाना रिकामा असेल तर मी फोटो मागणार.

काळापांढरा
रकाने न तपासताही भरता येतात हो. माझ्याकडे 'चावा ठीक' लिहून आलेले दोन तुकड्यांतले जबडे आहेत.

अक्कलदाढ
तरी रिकाम्या कागदापेक्षा बरं. भावाचा चावा आता कसा आहे?

कोपरखळी
डावीकडे आधी टेकतो. उजव्या दाढांत कागदाची पट्टी धरली तर अजून सुटते. रबरबँड लावलेत, पुढच्या आठवड्यात दाखवायला जायचंय.