पीडितांच्या आधारासाठी सरकारी निधी : आधी यंत्रे की आधी माणसे?

सोनचाफा (धागाकर्ती)

ऑगस्ट 2024 मध्ये बदलापूरच्या शाळेत चिमुकल्या मुलींवर झालेल्या लैंगिक अत्याचाराचा प्रकार उघडकीस आला, तेव्हा त्यांच्या पालकांना तक्रार नोंदवून घेतली जावी म्हणून पोलीस ठाण्यात तासन् तास ताटकळत बसावे लागले आणि या दिरंगाईबद्दल उच्च न्यायालयाने पोलिसांची कानउघाडणी केली. त्यानंतर शासनाने घाईघाईने जो निर्णय काढला त्यात इतरही तरतुदी होत्या, पण सर्वांत गाजला तो शाळांनी महिनाभरात सीसीटीव्ही बसवण्याचा आदेश. वास्तविक त्या शाळेतील पंधरा दिवसांचे चित्रण गायब असल्याचे तत्कालीन शिक्षणमंत्र्यांनीच सांगितले होते. त्या पालकांना गरज होती ती पॉक्सो, म्हणजे मुलांना लैंगिक अत्याचारापासून संरक्षण देणारा कायदा, ठाऊक असलेल्या आणि ‘तक्रार आत्ता नोंदवा’ असे ठामपणे सांगू शकणाऱ्या एका माणसाची.

असे माणूस ठाण्यात बसवता येते, हे महाराष्ट्राने फार पूर्वी दाखवून दिले आहे. टाटा समाजविज्ञान संस्थेने 1984 मध्ये मुंबई पोलीस आयुक्तालयात महिला व बालकांसाठी विशेष कक्ष सुरू केला, तिथे प्रशिक्षित समाजकार्यकर्त्या बसू लागल्या आणि पुढे हा प्रयोग इतर जिल्ह्यांत पोहोचला. असे असूनही निधीची वेळ आली की आपल्याला आधी वाहने आणि कॅमेरेच सुचतात. महिलांच्या सुरक्षेसाठी केंद्राने उभारलेल्या निर्भया निधीतून मुंबई पोलिसांनी घेतलेल्या गाड्यांपैकी काही लोकप्रतिनिधींच्या सुरक्षेला दिल्याच्या बातम्या डिसेंबर 2022 मध्ये आपण सर्वांनी वाचल्या आहेत. समुपदेशक मात्र असा कोणाच्या ताफ्यात जोडता येत नाही. माझे मत असे की स्थानिक सुरक्षेच्या निधीतील पहिला वाटा पगारी समुपदेशक आणि साहाय्यक व्यक्ती (पीडितेला तपासात आणि खटल्यात सोबत करणारे माणूस) यांच्यासाठी राखून ठेवावा आणि खरेदीचा विचार त्यानंतर करावा.

वऱ्हाडी_ठाणेदार

ताई, आपली तळमळ समजते, पण क्रम मान्य नाही. माझी सारी नोकरी ठाण्यात गेली आहे. रात्री अपरात्री 112 वर फोन आल्यावर बाईच्या दारात पोहोचते ती गाडी, आणि न्यायालयात आरोपीचा वकील उलटतपासणी घेतो तेव्हा टिकतो तो पुरावा. मुंबईच्या शक्ती मिलच्या आवारातील सामूहिक बलात्काराचे प्रकरण आठवा: गुन्हा ऑगस्ट 2013 मधला आणि 2014 च्या एप्रिलपर्यंत सत्र न्यायालयाने शिक्षाही सुनावली होती. हे चोख तपासामुळे घडले, सांत्वनामुळे नव्हे. शिवाय जिल्हा नियोजनाचा पैसा मुख्यतः कामांसाठी आणि खरेदीसाठी येतो. पगार हा दरवर्षीचा बोजा असतो, तो कोणी उचलायचा?

सोनचाफा

ठाणेदारसाहेब, उदाहरण आपणच दिलेत म्हणून सांगते. त्याच आवारात 31 जुलै 2013 रोजी दुसऱ्या एका तरुणीवर अत्याचार झाला होता आणि काही आरोपी तेच होते. तिची तक्रार मात्र ऑगस्टमधल्या गुन्ह्याचा गवगवा झाल्यानंतर पुढे आली. ती तीन आठवडे आधी नोंदली गेली असती, तर दुसरा गुन्हा कदाचित टळला असता. पीडितेला ठाण्यापर्यंत आणणारे माणूस तपासाबाहेरचे नसते. तपास तिथूनच सुरू होतो.

करदाता

दोघांचाही मुद्दा एकाच खिशावर येऊन थांबतो. समुपदेशनाच्या नावाखाली संस्थांची अनुदाने सुरू होतात आणि किती जणींना नेमका काय उपयोग झाला, याचा हिशेब कोणी मागत नाही. भरपाई द्यायचीच असेल तर ती गुन्हेगाराकडून वसूल करावी. त्याच्या दंडातून पीडितेला पैसे देण्याची सोय कायद्यात आहेच.

तालुक्याची_वकील

करदाते महोदय, दंड शिक्षेनंतर वसूल होतो. आरोपी सापडलाच नाही किंवा सुटला, तर पीडितेने कोणाच्या तोंडाकडे पाहायचे? म्हणूनच 2009 मध्ये फौजदारी प्रक्रिया संहितेत 357-अ हे कलम आले आणि आता तिच्या जागी आलेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 396 मध्येही तीच तरतूद आहे: भरपाईची जबाबदारी राज्याची. महाराष्ट्राने 2013 मध्ये अत्याचारपीडितांना अर्थसाहाय्य देणारी मनोधैर्य योजना आणली, नंतर तिची कमाल मर्यादा 10 लाखांपर्यंत वाढवली आणि काम जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे सोपवले. हिशेब मागावा, याबद्दल दुमत नाही.

पण या योजनेची दुसरी बाजूही सांगते. मंजूर रकमेचा मोठा भाग मुदत ठेवीत जातो. पैसे सुरक्षित राहावेत हा हेतू चांगला, पण मुलीची साक्ष असते त्या दिवशी तिची आई मजुरी बुडवून पहाटेच्या एसटीने येते, दिवसभर कोर्टाच्या व्हरांड्यात पिशवी कवटाळून बसते आणि संध्याकाळी पुढची तारीख घेऊन परत जाते. ठेवीची पावती कंडक्टरला दाखवता येत नाही. पॉक्सोच्या 2020 च्या नियमांनुसार बाल कल्याण समितीने अशा कुटुंबाला साहाय्यक व्यक्ती नेमून द्यायची असते. आमच्याकडे निम्म्या वेळा त्या आईला हा शब्दच पहिल्यांदा माझ्याकडून कळतो.

सोनचाफा यांच्याशी मात्र माझे एका बाबतीत पटत नाही. नुसती पदे निर्माण करून भागणार नाही. कौटुंबिक हिंसाचार कायद्याने 2005 मध्ये संरक्षण अधिकारी दिले, पण अनेक ठिकाणी तो कार्यभार आधीच कामात बुडालेल्या अधिकाऱ्याच्या गळ्यात ‘अतिरिक्त’ म्हणून पडला. पूर्ण वेळ, प्रवासभत्ता आणि वेळेवर मानधन, हे तिन्ही लिहून देणार असाल तरच पद मागा.

वऱ्हाडी_ठाणेदार

वकीलताईंच्या व्हरांड्यापुढे वाद घालणार नाही. तेवढे माणूस द्याच. पण ते माझ्या ठाण्यात, माझ्या हाताखाली असावे; दोन धन्यांची चाकरी झाली की कामाचा बोजवारा उडतो.

सोनचाफा

साहेब, ठाण्यात बसावे हे मान्य, हाताखाली नको. ठाणे तक्रार घेत नाही, अशी वेळ आली तर त्या समुपदेशक बाईला ठाण्याविरुद्धच लिहावे लागेल. तिचा पगार महिला व बालविकास विभागातून निघावा आणि तिच्या कामाच्या मूल्यमापनाचा गोपनीय अहवालही तिथेच लिहिला जावा, यावर माझा आग्रह कायम आहे.

करदाता

आणि त्या विभागाने तिच्या कामाचा वार्षिक अहवाल नावे गाळून जिल्ह्याच्या संकेतस्थळावर टाकावा. एवढे झाले तर माझा विरोध गाड्यांकडे वळवतो.