'अप्रभावी' वाचून तुम्हाला काय वाटतं?

सातरस्ता
एका शिबिरासाठी थॅलेसेमियाचं, म्हणजे आईबापाकडून येणाऱ्या रक्ताच्या आजाराचं, माहितीपत्रक मराठीत करायलोय. रिसेसिव्हला, म्हणजे जोडीतलं दुसरं जनुक चांगलं असलं की ज्याचा गुण दिसत नाही त्या जनुकाला, पुस्तकातला शब्द टाकला, "हा आजार अप्रभावी जनुकामुळे होतो". शेजारच्या काकूंना वाचायला दिलं तर म्हणाल्या, बरंय की मग, होऊन पण काही फरक पडत नाही. आता काय बोलायचं! औषध अप्रभावी ठरलं, बंदोबस्त अप्रभावी ठरला, हेच वाचायची सवय लोकांना. आईबाप दोघं मायनर (एकच जनुक बिघडलेलं, स्वतः धडधाकट) असले तर दर गरोदरपणात बाळ मेजर (दोन्ही जनुकं बिघडलेली) व्हायची शक्यता २५ टक्के, त्या पोराला दर दोन-चार आठवड्याला रक्त चढवायचं, आणि कागदावर शब्द काय तर अप्रभावी. दुसरा सुचवा.

शेंगाचटणी
सुप्त लिही की.

सातरस्ता
लिहिलं होतं, खोडलं. सुप्त म्हणजे झोपलंय, कधीतरी उठणार. मायनर माणूस पुढं जाऊन मेजर होत नसतो, तीच भीती तर घालवायचीय.

ऱ्हस्वदीर्घ
मुळात वाटाण्यांवर प्रयोग करून आनुवंशिकतेचे नियम मांडणाऱ्या मेंडेलने १८६६ च्या निबंधात हा शब्द वापरला तो मागे सरणारा ह्या अर्थाने. संकरात तो गुण मागे हटतो किंवा पार नाहीसा होतो आणि पुढच्या पिढीत जसाच्या तसा परत येतो, असं त्याने स्वतःच सांगितलंय. नुसता 'अ' लावून नकार केला की ते परत येणं गळून जातं. गोल आणि सुरकुतलेल्या वाटाण्याचा संकर केला तर पहिल्या पिढीत सगळे गोल, दुसऱ्या पिढीत ५४७४ गोल आणि १८५० सुरकुतलेले, म्हणजे जवळजवळ तीनास एक. त्या १८५० दाण्यांवरच्या सुरकुत्या काही अप्रभावी नव्हत्या! मी 'अपसारी' सुचवतो. आणि पत्रकात 'अनुवांशिक' लिहिलं असेल तर आधी दुरुस्त करा. अनुवंश अधिक इक, आनुवंशिक.

शेंगाचटणी
अपसारी भिंग असतं ओ, दहावीला. आणि सगळे अनुवांशिकच म्हणायलेत, डॉक्टर पण.

ऱ्हस्वदीर्घ
सगळे म्हणतात म्हणून बरोबर होत नाही. समाजाचं सामाजिक, सप्ताहाचं साप्ताहिक. तुम्ही 'समाजिक' लिहिता का?

शेंगाचटणी
घाईत असलो की लिहितो.

बाळीवेस
कॅरियरला, म्हणजे मायनर माणसाला, काय लिहिलंय? आमच्याकडं एका पत्रकात 'वाहक' होतं, वडील एसटीत होते, म्हणाले वाहक म्हणजे कंडक्टर, ह्याला कशाला रक्त तपासायचं. हसण्यावारी गेलं, पण खरी गोची पुढं आहे. डासाला पण रोगवाहक म्हणतात, त्यामुळं वाहक म्हटलं की लोकांना वाटतं लागण होते. एका घरात मायनर सुनेचं ताट-तांब्या वेगळं ठेवलेलं बघितलंय मी. 'मायनर'च ठेवा, लोकांच्या तोंडात बसलाय.

मालदांडी
एवढा कीस कशाला. आपल्याकडं शब्द आहे की, वळण. पोरगं आज्याच्या वळणावर गेलंय, बापाच्या नाही आईच्या नाही, डायरेक्ट आज्या. एक पिढी सोडून आलं म्हणजे तेच की तुमचं रिसेसिव्ह, आमच्या म्हाताऱ्यांना मेंडेलच्या आधीपास्नं माहीत.

सातरस्ता
नाही ओ दादा, तोंडवळा एका जनुकावर नसतो, कितीतरी जनुकं मिळून ठरतं. आणि वळणात बोलणं, चालणं, चिडणं सगळंच येतं. अक्षराला पण वळणच म्हणतो, ते काय रक्तातून येतं का.

मालदांडी
मग शेतातलं घ्या. हायब्रीड ज्वारीचं घरचं बी राखून पेरा, दुसऱ्या वर्षी एक ताट उंच, एक बुटकं, कणसं पण निराळी. पहिल्या साली दबलेलं सगळं वर येतं. मालदांडी ज्वारीचं तसं नाही. ३५-१ हा मोहोळला गावरानातनं निवडून काढलेला वाण, संकर नव्हेच, म्हणून घरचं बी वर्षानुवर्षं चालतंय. कृषी केंद्रावाला मात्र दोन्हीला व्हरायटीच म्हणतो.

बाळीवेस
'दबलेलं' चांगलाय की! दबलेलं जनुक.

ऱ्हस्वदीर्घ
दबलेलं म्हटलं की कोणी दाबलं हा प्रश्न येतो. खरं तर कोणी दाबत नाही. थॅलेसेमिया मायनरमध्ये एका जनुकाकडून हिमोग्लोबिनची साखळी नीट बनत नाही, दुसरं धडधाकट असतं म्हणून काम भागतं, इतकंच.

सातरस्ता
हे लिहू का मग सरळ? "आईकडून एक, बापाकडून एक, दोन्ही बिघडलेली आली तरच मेजर."

ऱ्हस्वदीर्घ
ती व्याख्या झाली, शब्द नव्हे. अशाने मराठीत परिभाषा कधी होणार?

शेंगाचटणी
परिभाषा होईस्तोवर पोरं जन्मतील ओ. मला ते संकरचं सांगा, आमच्या आजीला संकरित ज्वारी म्हटलं की शिवी दिल्यासारखं वाटायचं.

ऱ्हस्वदीर्घ
वाटणारच. गीतेच्या पहिल्याच अध्यायात वर्णसंकर येतो, निंदेच्याच अर्थाने.

मालदांडी
म्हणून तर खेड्यात कोण संकरित म्हणत नाही, हायब्रीड म्हणतात. भाकरी चवीला लागली नाही की "हायब्रीड आहे काय" विचारतात. माणसाला पण म्हणतात.

बाळीवेस
भाकरीवरनं आठवलं, हुरड्याच्या ज्वारीला गूळभेंडी का म्हणतात?

मालदांडी
गोड म्हणून गूळ. भेंडीसाठी वेगळा धागा काढा, इथं सातरस्ताचं पत्रक राहिलंय.

शेंगाचटणी
काढला. या तिकडं.